शंभर वॉटवर जुनी गाणी

बेळगावातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी 'जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करायचाय' म्हणत गेले, तेव्हा तिथल्या समन्वयकानं माझी गाण्यांची यादी उलगडूनसुद्धा बघितली नाही. "मॅडम, गाणं लावायचं सोपं हाय ओ," तो म्हणाला, "त्याचा कागद करायचं अवघड हाय. बसा की." मी बसले. चहा आला. पुढं कित्येक महिने माझं तिथं असं बसणं चालूच राहिलं.

मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई. कागदांना भ्यायचं वय आणि नोकरी, दोन्ही मागं पडलेली. नोकरीला लागले तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तरी लायसन लागायचं. वर्षाची फी पोस्टात भरायची, छोट्या पुस्तकात तिकिटं चिकटवून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा. खडेबाजारातले दुकानदार, शहापूर-वडगावचे विणकर, बाजारादिवशी गावात आलेले शेतकरी, सगळे त्या खिडकीपाशी यायचे. आणि फर्माइशींची पोस्टकार्डं! पेटीतून निघालेल्या ढिगात सांगली, धारवाड, मुंबईचे पत्ते लिहिलेली कार्डं हमखास असायची. एका कार्डावर चाळीसेक नावं. अख्ख्या गल्लीनं मिळून एक गाणं मागितलेलं. कार्ड वाचू नये असा नियम होता, पण कार्ड उघडंच असतं, त्याला आम्ही काय करणार?

तर ही कार्डं जिथं जायची तिथून पुढं काय व्हायचं, हे बघायची हौस मला निवृत्तीनंतर फेडायची होती.

सामुदायिक रेडिओ हा प्रकार आपल्याकडं तसा नवा. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. मग खासगी एफएम आले. देशातलं पहिलं खासगी केंद्र बंगळूरला ३ जुलै २००१ रोजी सुरू झालं. सामुदायिक रेडिओची परवानगी २००२ साली फक्त शिक्षणसंस्थांना होती, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागली. शक्ती किती, तर सहसा शंभर वॉट. खांब तीस मीटरपर्यंतचा. आवाज पोचतो साधारण दहा-बारा किलोमीटर. जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्या विजेवर अख्खं शहर ऐकतं, हे मला अजून पटत नाही, पण ऐकतं.

केंद्राचा इतिहास मागितल्यावर समन्वयकानं फायलींचं कपाट उघडून दिलं. मंत्रालयाचं इरादापत्र, फ्रिक्वेन्सी मिळाल्याचं पत्र, पंचवीस हजारांची बँक गॅरंटी, खांबाच्या जागेची आणि उंचीची मंजुरी. खांब विमानांच्या वाटेत येत नाही ना, हेही बघतात, आणि आमच्याकडं सांबऱ्याचा विमानतळ जवळच. पत्रांच्या मागं पत्रं होती. त्या सगळ्या कपाटात कोणी काय लावलं, कोणी काय ऐकलं, याची एक ओळ नव्हती.

माझ्या कार्यक्रमाला पहिली हरकत तिथंच निघाली. अशा केंद्रावर निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा लागतो, आणि तो इथल्या लोकांच्या उपयोगाचा असावा अशी अपेक्षा असते. "नुसती सिनेमाची गाणी लावायची तर विविध भारती आहे की, आमची गरज काय?" हा त्याचा प्रश्न. चिडण्यासारखा होता, पण बरोबर होता. शेवटी असं ठरलं की गाण्याला माणूस जोडायचा. या भागात हे गाणं कोणी, कुठं, कुठल्या केंद्रावरून ऐकलं, ते त्या माणसाच्या तोंडून घ्यायचं आणि मगच गाणं लावायचं. म्हणजे मला एक छोटा रेकॉर्डर गळ्यात अडकवून दारोदार फिरणं आलं.

सगळ्यात जास्त मिळालं ते खडेबाजाराच्या मागच्या बोळातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. आता तिथं मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त होतात, पण फळीवर पाच-सहा जुने सेट अजून आहेत. काकांचं वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी एक मर्फी खाली काढला, फडक्यानं पुसला आणि बटण फिरवलं. काहीच आवाज नाही. "थांबा, व्हॉल्व तापू देत," काका म्हणाले. अर्ध्या मिनिटानं आत कुठंतरी नारिंगी उजेड धरला, मग घुंऽऽ असा आवाज, आणि काचेच्या पट्टीमागं हिरवा डोळा उघडला. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्यातली सावली मिटते. नाही लागलं तर उघडी राहते.

पण मी बघत राहिले ती काच. तिच्यावर छापलेल्या आकड्यांच्या वर कोणीतरी कागदाचे बारीक तुकडे खळीनं चिकटवले होते, नखाएवढे. डावीकडच्या तुकड्यावर शाईनं 'धा', उजवीकडं 'सां', आणि शॉर्टवेव्हच्या ओळीवर 'सि'. धारवाड, सांगली आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. सेट दुरुस्तीला टाकून गेलेलं कुटुंब परत आलंच नाही, पण त्या घरातला रेडिओ कुठं कुठं फिरायचा ते त्या तीन तुकड्यांवर शिल्लक राहिलं होतं. आमच्या सगळ्या सीमाभागाचा रेडिओ याच तीन ठिकाणी फिरायचा.

धारवाडचं केंद्र ८ जानेवारी १९५० चं. तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, धारवाडही गेलं. सांगलीचं केंद्र आलं १९६३ साली. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर, म्हणून काचेवर एक डावीकडं आणि एक उजवीकडं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सांगलीवरून ऐकायच्या आणि मग सुई सरळ डावीकडं न्यायची, असं करणारी घरं आमच्या गल्लीतच होती. सीमाप्रश्नावर मोर्चाला जाणारा माणूसही संध्याकाळी धारवाडचं भावगीत लागलं की आवाज कमी करत नसे. हे मी बघितलेलं आहे.

"सांगली दिवसा धरायचं," काकांनी सांगितलं. "रात्री नाही. रात्री तिथं दुसरीच भाषा घुसती." ह्याचं कारण त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि वर जाणारा भाग वातावरणाचा एक थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब जाऊन पडतात. मग सांगलीच्या जागेवर कुठल्या कुठल्या देशाचं केंद्र येऊन बसतं. त्यासाठी काका गिऱ्हाइकाला तांब्याच्या जाळीची एरियलपट्टी माळ्यावर पूर्व-पश्चिम बांधायला सांगायचे आणि अर्थिंगची तार न्हाणीच्या ओल्या जमिनीत पुरायला लावायचे. "निम्मे रेडिओ बिघडलेले नसायचेतच. तार सुटलेली असायची. पण तार जोडायचे पैसे कसं मागणार? म्हणून डायलचा दोरा बदलून द्यायचो."

सिलोनची गोष्ट वेगळी. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेगीतांवर संक्रांत आली. शास्त्रीय संगीत वाढावं हा हेतू, पण ऐकणाऱ्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन गाठलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथं अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ ते नऊ या वेळात खडेबाजारातल्या हॉटेलासमोर माणसं उभी असायची, आणि हॉटेलवाला चहा न घेणाऱ्यालाही हाकलत नसे, असं काका म्हणाले. सरकारला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पण सकाळी सिलोनवर जुन्या सिनेमांची गाणी लागायची आणि आठाच्या ठोक्याला शेवटचं गाणं सैगलचं असायचं, ती सवय आमच्याकडं कितीतरी वर्षं सुटली नाही. माझे वडील सैगल संपला की चपला घालायचे.

निपाणीला गेले तेव्हा निराळंच ऐकायला मिळालं. तिथं विडी वळणाऱ्या एका मावशींनी रेडिओचा हिशेब विड्यांतच सांगितला. "सूप मांडीवर, रेडिओ उंबऱ्यावर. चार-पाच गाण्यात एक कट्टा व्हायचा." कट्टा म्हणजे पंचवीस विड्या. बातम्या लागल्या की हात मंदावायचा, म्हणून बातम्यांना त्यांच्या सासूबाई रेडिओ बंद करायच्या. आकाशवाणीच्या कुठल्याही श्रोतृसंशोधनात ही गोष्ट आली असेल असं मला वाटत नाही. निपाणी कोल्हापूरला जवळ, त्यामुळं तिथं आज कोल्हापूर आकाशवाणीचं १०२.७ लागतं. हायवेनं बेळगावकडं यायला लागलं की तवंदीचा घाट ओलांडताना आवाज फरफरू लागतो आणि पुढं तुटतोच. एफएमला डोंगर चालत नाही. मध्यम लहरी डोंगराला वळसा घालून यायच्या, या सरळ जातात आणि आडवं काही आलं की थांबतात. म्हणजे आवाज स्वच्छ झाला पण पल्ला गेला. पूर्वी सांगलीवर खानापूरपासून अथणीपर्यंत सगळे एकच गाणं ऐकायचे. आता प्रत्येक गावाचं आकाश वेगळं झालंय.

कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी विविध भारतीवरच्या जयमालाचं, फौजींच्या फर्माइशींच्या कार्यक्रमाचं सांगितलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं गावात फौजी भरपूर. चौकीवरून फर्माइश लिहिताना ते गाण्याबरोबर मुद्दाम युनिटचं नाव नीट अक्षरात लिहायचे. घरचे लोक इकडं ऐकत असायचे आणि नाव लागलं की माणूस सुखरूप आहे, एवढी बातमी घराला कळायची. पत्र यायला मग आठ दिवस लागले तरी चालायचं.

वडगावच्या मागवाल्यांकडं मात्र बोलणं टेप करणं अवघड गेलं, खटखट थांबेना. माग बंद करा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती, रोजच्या मजुरीचा सवाल असतो. छपराच्या वाशाला टांगलेला रेडिओ पूर्ण आवाजात, मालक मराठी, कामगार कन्नड, आणि धारवाडहून मल्लिकार्जुन मन्सूर. हे मन्सूरबुवा धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते, वचनंही गायचे आणि मराठी पदंही. कुमार गंधर्व तर आमच्या सुळेभावीत जन्मलेले. "बुवा कुठल्या भाषेत गातेत ते मागाच्या आवाजात कुठलं कळणार?" मागवाले काका म्हणाले. "सूर तेवढा वर यायचा."

इतकं जमल्यावर मी समन्वयकाकडं विजयी मुद्रेनं गेले. त्यानं पुन्हा कागद काढला. ह्या वेळी हक्कांचा.

हे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण जुनं गाणं म्हणजे फुकटचं गाणं असा पुष्कळांचा समज आहे. एका गाण्याला निरनिराळी कुलपं असतात. पहिलं रेकॉर्डिंगचं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं ते कॅलेंडर वर्ष संपल्यावर पुढं साठ वर्षं त्यावर कंपनीचा हक्क राहतो. म्हणजे १९६४ साली निघालेली रेकॉर्ड २०२४ च्या अखेरीला मोकळी झाली. दुसरं कुलूप शब्दांचं आणि चालीचं. ते कवी आणि संगीतकार गेल्यावर साठ वर्षांनी उघडतं. भा. रा. तांबे १९४१ ला गेले, त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झाले. ग. दि. माडगूळकर १९७७ ला गेले, त्यांचे शब्द २०३७ पर्यंत बंद. सुधीर फडके २००२ ला गेले, चाल २०६२ पर्यंत. तेव्हा १९५८ च्या एखाद्या रेकॉर्डची तबकडी मोकळी, पण तिच्यातलं गाणं नाही, असं होतं. शब्द आणि चालीची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस. तिच्याकडं केंद्रानं रीतसर लायसन घ्यावं लागतं आणि काय वाजवलं त्याची यादी द्यावी लागते. त्या यादीत गाण्याचा मुखडा, गायक, कवी, संगीतकार, कंपनी आणि वेळ हे सगळं हवं.

इथं माझी पोस्टातली नोकरी कामाला आली. यादी भरणं हा माझा हातखंडा. अडलं ते कवींच्या नावांपाशी. जुन्या रेकॉर्डच्या लेबलावर गायकाचं नाव ठळक, संगीतकार असला तर असला, कवी पुष्कळदा गायबच. आणि इंटरनेटवर शोधावं तर एकाच गाण्याला तीन कवी सापडतात. ज्याचा पक्का पत्ता लागला नाही ते गाणं मी यादीतून काढलं. माझ्या आईचं आवडतं एक असंच गेलं. वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या नावावर मनीऑर्डर द्यायची नाही हे अंगात मुरलेलं होतं.

कार्यक्रमासाठी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या काही रेकॉर्ड शहापुरातल्या एका घरानं दिल्या. लाकडी पेटी, आत जाड कागदाच्या पाकिटांत लाखेच्या तबकड्या, वर बोटभर धूळ. ह्या धुवायला स्पिरिट अजिबात वापरायचं नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवायचं आणि उभ्या करून सावलीत वाळवायच्या. पुढची अडचण सुईची. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्यात टाकली तर ती तळाशी लोळते आणि फक्त खरखर उचलते. वेगळी सुई मागवली, ती यायला वेळ लागला, त्याचं काही विशेष नाही.

विशेष होतं ते संगणकावर आवाज साफ करणं. केंद्रावरच्या पोरांनी ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका रेकॉर्डची खरखर पार पुसून काढली आणि मोठ्या कौतुकानं ऐकवली. गाणारी बाई पाण्याखालून गातेय असं वाटत होतं. खरखरीबरोबर सारंगीची धार गेली, 'स' आणि 'श' गेले. मी म्हटलं, टकटक तेवढी काढा, खरखर राहू द्या. त्यावरून आमची बरीच वादावादी झाली. आजच्या पोरांना शांतता ऐकायची सवय झालीय, आम्हाला त्या खरखरीतून गाणं वेचायची. शेवटी मधला रस्ता निघाला, पण तो माझ्या बाजूला जरा जास्त झुकलेला आहे हे मी मान्य करते. एक गोष्ट त्या तबकड्या हाताळताना लक्षात आली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. म्हणून तर गाणं तेवढंच. बुवांची अर्ध्या तासाची चीज तेवढ्यात बसवायची तर पहिल्या श्वासात राग दिसायला हवा, आणि तो दिसतो.

बोलणं रेकॉर्ड करायला बसले तेव्हा 'प' आणि 'भ' नं छळलं. माइकवर हवेचा फटका बसतो. तोंड जरा तिरकं ठेवायचं आणि मधे जाळी लावायची, हे शिकवायला एक कन्नड मुलगी होती, तीच पुढं माझी सहनिवेदक झाली. मला ती अक्का म्हणते. स्क्रिप्ट मी वळणदार भाषेत लिहून नेली होती. पानभर वाचल्यावर ती म्हणाली, "अक्का, हे कोणाला सांगतायसा?" मला उत्तर देता येईना. मग तिनं समोर खुर्ची ओढली, स्वतः बसली आणि म्हणाली, मला सांगा. त्यानंतर कागद बाजूला ठेवून बोलले. आमच्या बोलण्यात 'की' आणि 'ओ' येतं तेही तसंच राहू दिलं. पुण्याचं मराठी सांगलीवरून भरपूर ऐकलंय, आता थोडं आमचंही जाऊ दे हवेत.

भाषेचा प्रश्न येणार हे ठरलेलंच होतं. कार्यक्रम मराठीत का कन्नडमध्ये? एका बैठकीत आवाज चढले. मी एवढंच म्हटलं, की तो मर्फी आणून टेबलावर ठेवते, त्याच्या काचेवर काय चिकटवलंय ते बघा आणि ठरवा. त्या 'धा' आणि 'सां'च्या आधारानं कार्यक्रम दोन्ही भाषांत झाला. भाषांतर करायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. मी मराठीत सांगते, ती कन्नडमध्ये तिचं सांगते, ऐकणाऱ्याला दोन्ही कळतं. बेळगावात ज्याला दोन्ही कळत नाही असा माणूस बहुतेक बदलीवर आलेला असतो. दोन्ही बाजूंच्या काही लोकांना हे अजून पसंत नाही. एका श्रोत्याचा दर भागानंतर फोन येतो, तक्रार करायला. म्हणजे तो दर भाग ऐकतो.

प्रसारणाआधी आवाज कुठवर पोचतो ते बघायला भाच्याच्या स्कूटरवर मागं बसून फिरले, पिशवीत छोटा रेडिओ. येळ्ळूरच्या बाजूला, राजहंसगडाच्या चढावर आवाज इतका स्वच्छ की भाचा म्हणाला, इथंच घर बांधू. आणि केंद्रापासून जवळच्याच एका बाजारी बोळात, चार मजली इमारतींच्या मधे, नुसती फर्रर्र. जवळचा ऐकत नाही आणि लांबच्याला ऐकू येतं, तर त्यात चूक कोणाची नाही, मधे काय उभं आहे एवढाच प्रश्न असतो. काकतीकडं जाताना हायवेवर आवाज हळूहळू विरत गेला. खानापूर तर लांबच राहिलं.

पहिला भाग लागला रविवारी सकाळी. फोन आले. सगळ्यात जास्त विचारणा एकच, "मोबाइलवर कुठं लागतंय ओ?" नव्या बऱ्याच मोबाइलमध्ये एफएम नसतंच, आणि ज्यांत असतं त्यांत हेडफोनची वायर लावावी लागते, तीच एरियल. हे समजावण्यात माझी सकाळ गेली. खानापूरहून एकानं कार्यक्रम व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून आग्रह धरला. तेही करता येत नाही. हवेत सोडायचा हक्क वेगळा आणि फाइल वाटायचा वेगळा. निपाणीच्या मावशींना तर आपला स्वतःचा आवाज ऐकता आला नाही, म्हणून मी त्यांचं बोलणं तेवढं, गाण्याशिवाय, पेनड्राइव्हवर घेऊन दिलं. त्यांच्या नातवानं टीव्हीला लावून ऐकवलं म्हणे.

काही भाग झाल्यावर मी केंद्रावर आमचा पहिला भाग परत ऐकायला मागितला. मिळाला नाही. प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा, एवढीच परवान्यातली अट आहे. पुढं ठेवायचं तर जागा लागते, म्हणून पुसतात. पूर्वी आकाशवाणीतही स्पूल टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या, असं एका निवृत्त कर्मचाऱ्यानं मला सांगितलं होतं तेव्हा मी हळहळले होते. इथं तर टेपही नाही, हार्ड डिस्क आहे. समन्वयकाशी ह्या विषयावर मी जरा जोरातच बोलले. त्याचं म्हणणं, कोण ऐकणार परत? त्या मर्फीवर कागदाचे तुकडे चिकटवणाऱ्यालाही कोणी हाच प्रश्न विचारला असता.

आता लोकांची बोलणी मी वेगळ्या डिस्कवर ठेवते. कोण, कुठलं गाव, कुठलं केंद्र ऐकायचे, किती वाजता, याची वही केलीय. गाणी त्यात नाहीत, नुसती माणसं. काकांच्या दुकानातला तो घुंऽऽ आवाजसुद्धा आहे, अर्ध्या मिनिटाच्या शांततेसकट.

आणि दुसरी एक वही आहे, ती एक जानेवारीची. दर एक जानेवारीला आणखी एका वर्षाच्या रेकॉर्ड मोकळ्या होतात. १९६५ च्या झाल्या २०२५ संपताच, १९६६ च्या २०२६ संपल्यावर होतील. कुठल्या वर्षाची कुठली तबकडी शहापूरच्या पेटीत आहे, तिच्यावर कवीचं नाव आहे की शोधावं लागणार, ते आधीच लिहून ठेवते. १९६७ च्या पानावर सध्या नऊ गाणी आहेत, त्यांतल्या चारांचे कवी सापडायचेत. कोणाकडं जुन्या रेकॉर्डची पाकिटं किंवा गाण्यांची छापील पुस्तकं असतील तर घेऊन या, किंवा नुसती नावं कळवा. रविवारी सकाळी कार्यक्रमात नंबर सांगतो, दोन्ही भाषांत.